लटकत्या छतातील दिव्यांचा आधार

बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यात, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात वसलेल्या नांदूरघाटासारख्या गावी जुन्या माळवदाच्या घरात ज्याने मान वर करून पाहिले असेल, त्याला दिवा कोठे टांगावा हे निराळे शिकवावे लागत नसे; कारण खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर सर आणि किलच्या, आणि त्या सर्वांच्या डोक्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर, अशी घराची सारी रचना बसल्या जागेवरून नजरेस पडे, आणि तुळईच्या पोटात ठोकलेली लोखंडी कडी आपला भार कोणाकडे सोपवते हे लहान मुलालाही उमगे. त्या कडीला कधी पाळणा टांगला जाई, कधी कंदील. देऊळ असेल तर लामणदिवा, आणि देशमुख-पाटलांच्या वाड्यात हौसेने आणलेली काचेची हंडी. कडी बसवणारा सुतार आणि तिच्याखाली निजणारा घरधनी या दोघांनाही तिची स्थिती रोज दिसत असे. लाकूड कुजले, कडी सैल झाली किंवा साखळीचा एखादा दुवा झिजला, तर ते लपून राहण्यास जागाच नव्हती.

आज त्याच गावात नव्या घरांच्या दिवाणखान्यांत, दुकानांत, दवाखान्यांत, पतसंस्थांच्या कचेऱ्यांत आणि मंगल कार्यालयांत मूळ छताच्या खाली वीतभर, कधी हातभर अंतर ठेवून दुसरे एक छत लटकवण्याची वहिवाट पडली आहे. त्याला सर्वजण फॉल्स सीलिंग म्हणतात. स्लॅबखालचे ओबडधोबड बीम आणि वायरींचे नळ झाकावेत, पत्र्याचा उन्हाळा थोडा अडावा, खोली नीटनेटकी दिसावी, हे त्याचे हेतू रास्त आहेत, आणि ते साधण्यास हे छत समर्थही आहे. परंतु या दुसऱ्या छताने एक गोष्ट कायमची आपल्या दृष्टीआड केली, ती म्हणजे भार कोणाच्या अंगावर आहे हे उघड दिसणे. खालून पाहणाऱ्याला दिवा छतात बसलेला दिसतो, म्हणून तो छताच्या आधाराने राहिला आहे असे त्याला वाटते. आणि दुर्दैवाने पुष्कळ ठिकाणी तो खरोखरच तसाच राहिलेला असतो. हे छत स्वतःचा भार वाहण्यापुरते बनवलेले आच्छादन आहे, दिव्याचा भार मूळ इमारतीने वाहावयाचा असतो, आणि त्या भाराला वर जाण्यासाठी स्वतःची वाट ठेवली पाहिजे, एवढेच या लेखात मला सांगावयाचे आहे. मात्र ते नीट सांगावयाचे तर छताच्या आत काय असते ते तपशिलाने पाहिले पाहिजे.

कचेऱ्यांत आणि दवाखान्यांत जे चौकटींचे छत दिसते ते प्रथम घेऊ. उलट्या टी या अक्षराच्या आकाराच्या हलक्या पत्र्याच्या पट्ट्या सामान्यतः बाराशे मिलिमीटरच्या अंतराने एका दिशेने टाकतात, त्यांना मेन टी म्हणतात. त्यांच्यात आडव्या क्रॉस टी अडकवून सहाशे मिलिमीटरच्या, म्हणजे व्यवहारात दोन फुटी, चौकोनांची जाळी करतात. भिंतीच्या कडेने अँगल फिरवतात आणि मेन टी जागोजाग वरच्या स्लॅबला तारेने टांगतात. या चौकोनात फरशीसारखी पाटी नुसती ठेवलेली असते, आणि जेथे दिवा हवा तेथे पाटीऐवजी त्याच मापाचा पॅनेल लाइट ठेवतात. आता हिशेब पाहा. चौकोनाचे माप, पट्टीच्या मध्यापासून पट्टीच्या मध्यापर्यंत, सहाशे मिलिमीटर; पट्टीचे खालचे पान चोवीस मिलिमीटर रुंद; म्हणजे मोकळे राहणारे भोक पाचशे शहात्तर मिलिमीटरचे. पॅनेल असतो सुमारे पाचशे पंच्याण्णव मिलिमीटरचा. याचा अर्थ असा की दोन्ही बाजू मिळून त्याला टेकण्यास एकोणीस मिलिमीटर जागा आहे, एका बाजूला जेमतेम साडेनऊ, करंगळीच्या रुंदीहूनही कमी. पट्ट्या एकमेकींपासून थोड्या फाकल्या, भिंतीकडचा अँगल सुटून एक बाजू सरकली, वर चढलेल्या वायरमनचा गुडघा जाळीला लागला, आणि त्याच वेळी पॅनेल एका अंगाला ढळलेला असला, की दुसरे अंग निराधार होते. पाटी हलकी असते, बहुधा किलो-दीड किलोची, आणि पडली तरी बहुतेक वेळा कपड्यांवर भुसा सांडण्यापलीकडे नुकसान होत नाही. पत्र्याच्या चौकटीचा, टोकदार कोपऱ्यांचा, दोन-तीन किलोंचा दिवा नऊ-दहा फुटांवरून डोक्यात पडणे ही गोष्ट निराळी आहे. जुन्या काळचा, लोखंडी चोक बसवलेला चार ट्यूबांचा पेटीदिवा तर याहून कितीतरी जड होता, आणि तो आजही अनेक सरकारी व सहकारी कचेऱ्यांच्या छतांत आहे.

घरांत व दुकानांत दिसणारे सपाट, सांधे बुजवलेले छत जिप्सम बोर्डाचे असते. साडेबारा मिलिमीटर जाडीचा हा बोर्ड दर चौरस मीटरला नऊ किलोंच्या आसपास भरतो. म्हणजे दहा बाय बारा फुटांच्या साध्या खोलीतही डोक्यावर शंभर किलोंचा बोर्ड, आणि त्याखेरीज जस्ताचा मुलामा दिलेल्या चॅनेलांचा सांगाडा. आपल्याकडच्या रूढ पद्धतीत जाड चॅनेल बाराशे वीस मिलिमीटरवर, त्यांच्या खाली आडवे सेक्शन साधारण साडेचारशे मिलिमीटरवर, आणि त्यांना बोर्ड स्क्रूने कसलेला, अशी रचना असते. टांगणीही चार-चार फुटांवर धरली, तर एका टांगणीच्या वाट्याला सांगाड्यासह पंधरा किलोंच्या आसपास भार येतो. या आकड्याला शेजारी ठेवून आता विचार करावा, की गृहप्रवेशाच्या उत्साहात शहरातून आणलेले बारा किलोंचे झुंबर दिवाणखान्याच्या मध्यावर त्याच सेक्शनला स्क्रूने कसले, तर त्या एका टांगणीवरचा भार जवळजवळ दुप्पट झाला. आणि सेक्शन न सापडल्यामुळे ते नुसत्या बोर्डाला कसले, तर झुंबर आणि जमीन यांच्यामध्ये कागदाचे दोन पदर व त्यांमधली अर्धा इंच जिप्समची भुकटी एवढाच आधार उरला. जिप्समच्या रासायनिक घडणीतच वजनाच्या एकपंचमांशाहून थोडे अधिक पाणी असते आणि त्यामुळे आगीत ते काही काळ उपकारक ठरते हे खरे; पण वरून ओल झिरपली की हाच बोर्ड मऊ पडतो, आणि स्लॅबची गळती ही मराठवाड्यात कमी पाऊस पडतो म्हणून होत नाही असे मुळीच नाही.

याहून जुनी पद्धत पीओपीची. तीत काथ्याचे पुंजके ओल्या प्लास्टरमध्ये बुडवून त्यांनीच सांगाडा आणि पाट्या एकमेकांशी बांधत असत, आणि कित्येक ठिकाणी अद्यापि बांधतात. या बांधणीचे आयुष्य किती, या प्रश्नाचे एक उत्तर लंडनने दिले आहे. तेथील 1901 साली खुल्या झालेल्या अपोलो नाट्यगृहात 19 डिसेंबर 2013 रोजी भर खेळात छताचा मोठा भाग प्रेक्षकांवर कोसळला आणि सत्तरांहून अधिक माणसे जखमी झाली. चौकशीत निघाले ते असे, की तागाचे कापड प्लास्टरमध्ये भिजवून जे बंध शंभर वर्षांपूर्वी घातले होते ते जीर्ण झाले होते. ताग काय आणि काथ्या काय, दोन्ही वनस्पतिजन्य तंतू, ओलीने कुजणारे. अशा छतात नवा दिवा बसवताना त्या बंधांवर एक रतीही भार वाढवू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

दिव्याच्या वजनाप्रमाणे आधार कसा द्यावा याविषयी अमेरिकेत भूकंपप्रवण भागांसाठी जो शिरस्ता ठरला आहे, तो साध्या गृहस्थालाही लक्षात ठेवण्याजोगा आहे. चौकटीच्या छतातील दिवा, कितीही हलका असो, जाळीला क्लिपने किंवा स्क्रूने पक्का जोडला पाहिजे, नुसता ठेवून चालत नाही. त्याशिवाय साडेचार किलोंपर्यंतच्या दिव्याला निदान एक तार मूळ इमारतीपासून स्वतंत्र आणावयाची. साडेचारपासून पंचवीस किलोंपर्यंतच्या दिव्याला समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांना दोन तारा. आणि पंचवीस किलोंच्या वर गेलेल्या दिव्याचा जाळीशी भारापुरता काहीही संबंध न ठेवता तो सर्वस्वी मूळ बांधकामालाच टांगावयाचा. या तारा किंचित सैल असल्या तरी हरकत नाही. नित्याच्या दिवसांत त्यांच्यावर भार येत नाही, त्यांचे काम ज्या दिवशी जाळी दगा देईल त्या दिवसाचे असते. आपल्याकडे दिव्यांच्या घडणीसाठी आयएस 10322 हे मानक आहे, आणि त्याने ज्या आंतरराष्ट्रीय मानकाचा स्वीकार केला आहे त्यात टांगत्या दिव्याच्या टांगणीची कसोटी अशी आहे, की दिव्याच्या वजनाच्या चौपट भार तासभर टांगून ठेवला तरी ती वाकता वा ताणली जाता कामा नये. कारखान्याने आपल्या हिश्श्याची कडी चौपट भाराला उतरवून दिली, आणि आपण ती अर्ध्या इंचाच्या बोर्डात अडकवली, तर त्या चौपटीचा उपयोग काय? भाराचा रस्ता दिव्यापासून कडीकडे, कडीपासून तारेकडे, तारेपासून खिळ्याकडे आणि खिळ्यापासून काँक्रीटकडे जातो, आणि त्यात जो दुवा सर्वांत कच्चा, तेवढीच साऱ्या रस्त्याची ताकद. मोट चालत असे त्या काळी शेतकरी नाडा आणि सौंदर या मोटेच्या दोन्ही दोरांवरून सकाळी हात फिरवून मगच बैल जुंपत असे, तो याच न्यायाने.

तार स्वतः सहसा तुटत नाही. या कामी वापरावयाची मऊ पोलादी तार सुमारे पावणेतीन मिलिमीटर जाडीची असते, आणि तिच्या छेदाचा व पोलादाच्या ताकदीचा हिशेब केला, तर ती तुटण्यास दोनशे किलोंच्या आसपास भार लागतो. सुटते ती गाठ. नांदूरघाटच्या पेठेत एका दुकानाचे छत चढत असताना मी हे काम जवळून पाहिले. परांचीवर उभा असलेला मिस्त्री तारेचे टोक पट्टीच्या भोकातून ओढून घेई, पक्कडीने मागे वळवी आणि त्याच तारेभोवती घट्ट, एकाशेजारी एक, तीन पूर्ण वेढे देई; ते तीनही वेढे तीन बोटांच्या जागेत बसलेले असत. त्याच्या हाताखालचा पोरगा घाईने एक वेढा देऊन पुढे सरकू लागला, तेव्हा मिस्त्री म्हणाला, ‘‘तार नुसती अडकवू नको रे बाळा, तीन येढे दे, अन् मग ओढून बघ.’’ पोरगा म्हणाला, ‘‘मामा, ह्याला कुठं एवढं वजन येतंय?’’ त्यावर मामांनी काही उत्तर न देता एका वेढ्याची ती तार दोन्ही हातांनी धरून अंगाचा भार दिला. टोक सरळ झाले आणि तार भोकातून निसटून हातात आली. वेढा पुरेसा नसेल तर तार ताणाखाली हळूहळू उलगडते, आणि छतावर नित्य बारीक कंप असतात, खाली रस्त्यावरून ट्रक जातो, पंखा फिरतो, वर कोणी चालते. उलगडण्याची क्रिया त्यामुळे कधीच पूर्ण थांबत नाही. अमेरिकी शिरस्त्यातही तीन इंचांच्या आत तीन पूर्ण वेढे असेच सांगितले आहे. मिस्त्रीने तो नियम छापील स्वरूपात वाचला असेल असे नाही. हाताच्या अनुभवाने तो त्याच आकड्यावर येऊन पोचला होता.

गाठीनंतरचा दुवा स्लॅबमधला. येथे सर्वांत जास्त कसूर होते, आणि ती कसूर करणाऱ्याला कळतही नाही. आपल्या स्लॅबच्या पोटाला प्लास्टरचा थर असतो, कोठे अर्धा सेंटिमीटर, कोठे दीड. ड्रिलने दीड इंचाचे भोक पाडून त्यात डॅश फास्टनर, म्हणजे आत पसरून धरणारा बोल्ट, कसला, तर त्या दीड इंचातील प्लास्टरचा वाटा भाराच्या दृष्टीने शून्य समजावा. खऱ्या काँक्रीटमध्ये तो किती गेला तेवढीच त्याची पकड. प्लास्टर जाड असेल तर फास्टनर लांब घ्यावा लागतो. भोक पाडल्यावर आतली भुकटी फुंकून काढावी लागते, नाहीतर फास्टनरचा पसरणारा भाग काँक्रीटला न पकडता भुकटीला पकडतो. लाकडाची किंवा प्लॅस्टिकची गिट्टी ठोकून तीत स्क्रू बसवण्याची सवय भिंतीवरच्या तसबिरीला पुरते; डोक्यावरच्या भाराला ती वापरू नये, कारण भिंतीत भार स्क्रूला आडवा येतो आणि छतात तो स्क्रूला सरळ उपटत राहतो. शिवाय स्लॅबमधून वायरींचे नळ गेलेले असतात, तेव्हा ड्रिल चालवण्यापूर्वी ते कोठून गेले आहेत याची खातरजमा करणे हे वायरमनचे आणि छतवाल्याचे संयुक्त कर्तव्य होय.

काँक्रीटमधल्या आधाराने दगा दिला तर काय होते, याची दोन उदाहरणे साऱ्या जगाला ठाऊक आहेत. 10 जुलै 2006 रोजी अमेरिकेतील बोस्टन शहराच्या बोगद्यात छताच्या काँक्रीट पाट्या धावत्या मोटारीवर कोसळून एक स्त्री मृत्यू पावली. तेथे बोल्ट चिकटवण्यास वापरलेले रसायन सततच्या ताणाखाली हळूहळू सरकणारे होते, आणि ज्या दिवशी बोल्ट बसवले त्या दिवशी ते पुरेसे मजबूतच वाटत होते. जपानात 1977 साली खुल्या झालेल्या सासागो बोगद्याचे लटकते छत 2 डिसेंबर 2012 रोजी पडून नऊ माणसे दगावली. तेथेही बोल्ट रसायनानेच काँक्रीटमध्ये धरलेले होते, आणि वरच्या बोल्टांवर हातोडी मारून आवाज ऐकण्याची तपासणी बरीच वर्षे झालेली नव्हती. नांदूरघाटच्या दुकानात कोणी इतके जड छत टांगणार नाही; परंतु टांगलेल्या वस्तूचा भार रात्रंदिवस, क्षणाचीही विश्रांती न देता, त्याच खिळ्याला ओढत असतो, हे तत्त्व तेथेही तितकेच लागू आहे. म्हणूनच डोक्यावर सतत ओढ सोसणाऱ्या जागी चिकटवलेल्या आधारापेक्षा यांत्रिक रीतीने पसरून धरणारा आधार सामान्य कामात मी अधिक पसंत करीन.

मराठवाड्यातील पेठांना आणखी एक प्रश्न आहे, आणि परदेशी पुस्तकांत त्याचा विचार क्वचितच आढळतो, तो पत्र्याचा. कितीतरी दुकाने, गोदामे आणि मंगल कार्यालये यांच्यावर स्लॅब नसून लोखंडी अँगलवर वा पाईपवर पत्रे टाकलेले असतात. अशा ठिकाणी छताच्या तारा कित्येकदा पत्र्याच्या हुकबोल्टलाच, नाहीतर पत्र्यात भोक पाडून अडकवलेल्या आढळतात. पत्रा हा पावसासाठी आहे. तो खालचा भार वाहण्यासाठी नाही. चैत्र-वैशाखात अवकाळी वादळ सुटते तेव्हा वारा पत्र्याला वर ओढतो, पत्रा उचलला जाऊन पुन्हा आपटतो, आणि त्याला टांगलेली तार प्रत्येक झटक्याला हिसका घेते. मेच्या उन्हात पत्रा तापून पसरतो, पहाटे आकसतो, आणि थंडीच्या रात्री त्याच्या पोटाला दव साचून तारेच्या वेढ्यावरून खाली ठिबकते. अशा इमारतीत तारा मुख्य अँगलला किंवा पाईपला पट्टा अथवा क्लँप घालूनच बांधाव्यात, पाईपला भोक पाडून त्याची ताकद घटवू नये, आणि जड झुंबर व पंखे यांच्यासाठी दोन मुख्य कैच्यांमध्ये स्वतंत्र आडवा पाईप टाकावा. हा खर्च फारसा नाही. छत चढण्यापूर्वी तो सुचणे मात्र आवश्यक आहे.

पंख्याचा उल्लेख आला म्हणून सांगतो, की छताच्या सांगाड्याला पंखा टांगणे हे सर्व कसुरींत मोठी कसूर होय. चार-पाच किलोंचा पंखा मिनिटाला तीनशेहून अधिक वेळा फिरतो, आणि त्याची पाती रेसभर जरी असमतोल असली तरी तो कंप सांगाड्याच्या प्रत्येक स्क्रूपर्यंत पोचतो. पंख्याची दांडी लांब घेऊन ती स्लॅबमधल्या हुकालाच अडकवावी, दांडीच्या पिना दुमडलेल्या आहेत हे हाताने तपासावे, आणि छतातले भोक दांडीला स्पर्श होणार नाही इतके मोठे ठेवून त्यावर वाटी बसवावी.

मराठवाड्याच्या माणसाला भूकंपाची वेगळी ओळख करून देण्याची गरज नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी, गणेशविसर्जनाच्या रात्रीनंतर गावे झोपेत असताना, शेजारच्या लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत किल्लारीच्या परिसराची जी वाताहत झाली, ती बीड जिल्ह्यानेही हादरून अनुभवली. तोवर तो प्रदेश भूकंपाच्या नकाशात सर्वांत निर्धोक अशा पहिल्या विभागात गणला जात होता. 2002 साली सुधारलेल्या मानकाने तो पहिला विभागच रद्द केला आणि किल्लारीचा परिसर तिसऱ्या विभागात घातला. 2024 साली मार्चमध्ये आणि पुन्हा जुलैमध्ये हिंगोलीकडे साडेचारच्या तीव्रतेचे धक्के बसले तेही आपण विसरलेलो नाही. किल्लारीला माणसे मारली ती मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींनी आणि माळवदावरच्या मातीच्या भाराने; नंतर बांधलेली घरे त्या दृष्टीने पुष्कळ सुधारली, आणि आता त्याच सुधारलेल्या घरांत आपण डोक्यावर दुसरे छत टांगू लागलो आहोत, तेव्हा इमारत उभी राहूनही आतली माणसे जखमी होण्याचा हा नवा मार्ग आपणच उघडून ठेवू नये. 11 मार्च 2011 च्या महाभूकंपात जपानमध्ये नेमके हेच घडले: टोकियोच्या कुदान सभागृहाची इमारत पडली नाही, पण सभागृहाचे छत कोसळून दोन माणसे मृत्यू पावली, आणि कावासाकीच्या संगीतगृहाचेही छत मोठ्या प्रमाणावर खाली आले. त्यानंतर जपानने 2014 पासून सहा मीटरहून उंच, दोनशे चौरस मीटरहून मोठ्या आणि दर चौरस मीटरला दोन किलोंहून जड अशा लटकत्या छतांसाठी स्वतंत्र नियम लागू केले. आपल्या साध्या जिप्सम बोर्डाचे वजन त्या दोन किलोंच्या चौपटीहून अधिक आहे, आणि आपली मोठी मंगल कार्यालये उंचीने व विस्तारानेही त्या व्याख्येच्या जवळ जातात, हे त्यांच्या चालकांनी ध्यानात घ्यावे.

धक्का बसला की दिवा लंबकासारखा झुलतो. मीटरभर दांडीचे झुंबर एका झोक्याला, जाऊन येण्यास, सुमारे दोन सेकंद घेते. अर्ध्या मीटरचे जवळजवळ दीड. आणि इमारतीचा कंप त्याच्या जवळपासचा असला तर झोका वाढत जातो. म्हणून एकाशेजारी एक टांगलेल्या दिव्यांत, आणि दिवा व भिंत यांच्यात, झोक्याला पुरेल एवढे अंतर ठेवावे, आणि दांडीचा वरचा सांधा सर्व दिशांना वळू शकेल असा घ्यावा. ताठ, घट्ट कसलेली दांडी अशा वेळी मुळाशी मोडते. चौकटीच्या छतात जाळीही हलते, भिंतीकडच्या टोकांना ती आपटते, पट्ट्या सुटतात, आणि मग वर सांगितलेल्या त्या साडेनऊ मिलिमीटरांची परीक्षा होते. स्वतंत्र तारेने बांधलेला दिवा अशा प्रसंगी वाकडा होऊन लोंबतो, पण खाली येत नाही.

विजेचा भागही यात गुंतलेला आहे. वायरीला कधीही भार वाहू देऊ नये. दिवा उतरून तारेवर लोंबू लागला तरी वायर ताणली जाणार नाही इतकी सैल सोडावी, आणि तिच्यातला अर्थिंगचा तंतू इतरांपेक्षा थोडा लांब ठेवावा, म्हणजे प्रसंग पडल्यास तो सर्वांत शेवटी सुटेल. छताचा सांगाडा लोखंडी आहे, पत्र्याच्या कडा धारदार आहेत, आणि उंदीर-घुशी वर मोकळ्या फिरतात; उघडी वायर त्या कडेवर टाकली, तिचे जोड नुसत्या टेपने गुंडाळले, तर एका जागी सोललेली वायर साऱ्या सांगाड्यात वीज खेळवू शकते. वायर नळीतून न्यावी, जोड पेटीत करावेत, धातूचा सांगाडा अर्थ करावा, आणि घराच्या मुख्य पेटीत तीस मिलिअँपिअरला तुटणारा आरसीसीबी असावा. एलईडीचा ड्रायव्हर बोर्डाच्या पाठीवर उघडा राहू द्यावा, त्याच्यावर ग्लासवूल किंवा गोणपाट दडपू नये. ड्रायव्हरमधील कपॅसिटरचे आयुष्य दर दहा अंश उष्णता वाढली की साधारण निम्मे होते, आणि मेमध्ये पत्र्याखालच्या पोकळीत केवढी धग साठते ते तेथे हात घालणाऱ्यालाच ठाऊक. हे आयुष्य घटले म्हणजे खर्च वाढतो एवढेच नाही. दिवा वारंवार बदलावा लागतो, दर खेपेला नवा माणूस पाटी उचलतो, आणि पहिल्याने नीट बांधलेली तार दुसरा सोडतो व पुन्हा बांधीत नाही.

गंजाबद्दल बोस्टनचेच आणखी एक उदाहरण आहे, आणि ते थेट दिव्याचे आहे. फेब्रुवारी 2011 मध्ये तेथील एका बोगद्यात सुमारे पन्नास किलोंचा दिवा रस्त्यावर पडला. सुदैवाने कोणास इजा झाली नाही. ॲल्युमिनियमचा दिवा आणि स्टेनलेस पोलादाची क्लिप हे दोन भिन्न धातू खाऱ्या ओलीत एकमेकांना चिकटून राहिल्याने ॲल्युमिनियम कुरतडले गेले होते. पुढे त्या बोगद्यांतील सुमारे पंचवीस हजार दिवे बदलावे लागले. आपल्याकडे बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर मीठ टाकण्याची गरज पडत नाही, तरी ओल असेल तेथे तांब्याची उघडी तार, ॲल्युमिनियमची चौकट आणि पोलादी स्क्रू यांचा थेट मेळ टाळावा, जस्ताचा मुलामा असलेलेच सामान वापरावे, आणि कापलेल्या टोकावर रंग लावावा, इतके तर करता येते.

या सर्वांवर देखरेख ठेवायची तर वर पाहता आले पाहिजे. प्रत्येक खोलीच्या छतात, शक्यतो जड दिव्याच्या शेजारी, दोन फुटी झाकण ठेवून घ्यावे. घराची शोभा त्याने जाते ही तक्रार मी ऐकली आहे, पण झाकण नसलेल्या छतात गळती आणि गंज यांचा पत्ता छत खाली आल्यावरच लागतो. पावसाळा संपल्यावर, दिवाळीच्या झाडलोटीत, एकदा तेथून विजेरी टाकून तारा, वेढे, फास्टनर आणि ओलीचे डाग पाहावेत, आणि दिव्याला खालून हलका हात लावून तो डगमगतो का तेही पाहावे. छतवाल्याशी ठराव करताना दर चौरस फुटाचा भाव तेवढा ठरवून भागत नाही. कोणता दिवा किती किलोंचा, कोठे बसणार आणि त्याला मूळ बांधकामातून किती तारा येणार, हे कागदावर लिहून घ्यावे. वायरमन आणि छतवाला यांपैकी ती तार कोणी बांधावयाची हेही त्यात असावे, कारण हे काम नेमके कोणाचे नाही म्हणूनच ते बहुतेक वेळा राहते. बोर्ड चढवण्यापूर्वी मालकाने स्वतः परांचीवर चढून, निदान कोणाला तरी चढवून, प्रत्येक टांगणीची छायाचित्रे मोबाइलमध्ये घ्यावीत आणि ती घराच्या कागदपत्रांबरोबर जपून ठेवावीत, म्हणजे पाच वर्षांनी झुंबर बदलण्यास आलेल्या माणसाला स्लॅबमधला हुक कोठे आहे, नळ कोठून गेले आहेत आणि कोणत्या तारेला हात लावू नये, हे वर चढण्यापूर्वीच दाखवता येईल.